लक्षण आणि मर्यादा : मानसशास्त्र व सामाजिक शास्त्रे यांच्या व्याख्यासंग्रहाची प्रस्तावना

मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि अर्थशास्त्र या विद्यांचे अध्ययन मराठीतून करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे, त्यांचे अध्यापन करणाऱ्या शिक्षकांपुढे, आणि या विद्यांतील शब्द ज्यांच्या रोजच्या कामात पदोपदी येतात अशा वकील, परिचारिका, ग्रामसेवक, वृत्तपत्रकार आदी मंडळींपुढे हा व्याख्यासंग्रह ठेवताना, त्याची रचना कोणत्या दृष्टीने केली आहे आणि त्याचा उपयोग वाचकाने कोणत्या सावधगिरीने करावा, हे आरंभीच विस्ताराने सांगणे अगत्याचे वाटते. कोश म्हटला की त्यातील प्रत्येक नोंद हा अखेरचा निवाडा आहे अशी समजूत वाचकाच्या मनात सहजच घर करते. शब्द शोधावा, त्यापुढची दोन वाक्ये उतरून घ्यावीत आणि पुस्तक मिटावे, असा शिरस्ता परीक्षांनी पाडून ठेवला आहे. प्रस्तुत संग्रह त्या शिरस्त्याने वाचला जाऊ नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे. ज्या शास्त्रांचा विषय माणूस हाच आहे त्या शास्त्रांत व्याख्येपासून विचाराला केवळ आरंभ होतो. ती कोणी, कोणत्या प्रयोजनाने आणि कोणत्या प्रसंगी केली, तिच्या हद्दीत कोण आले आणि कोण बाहेर राहिले, हे प्रश्न तिच्यापासून तोडून टाकले तर हाती केवळ पाठांतर उरते.

भौतिक शास्त्रांतील व्याख्या आणि सामाजिक शास्त्रांतील व्याख्या यांतील मूलभूत भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. धातूची व्याख्या कशीही केली तरी तांब्याच्या गुणधर्मांत तिळमात्र फरक पडत नाही. परंतु एखाद्या मुलाच्या नावापुढे शाळेच्या दप्तरात मंदबुद्धी असा शेरा पडला, एखाद्या जमातीची नोंद गुन्हेगार म्हणून झाली, अथवा एखादे घर दारिद्र्यरेषेच्या वर असल्याचे ठरले, म्हणजे त्या मुलाचे शिक्षण, त्या जमातीचे हिंडणेफिरणे आणि त्या घरातील धान्य या सर्वांवर त्या शब्दाचा अंमल सुरू होतो. ज्याची व्याख्या केली तो माणूस ती ऐकतो, समजून घेतो, कधी निमूटपणे मान्य करतो, कधी तिच्याविरुद्ध उभा राहतो, आणि या सर्व क्रियाप्रतिक्रियांत ज्या वस्तूचे लक्षण आपण बांधू पाहत होतो ती वस्तूच पालटून जाते. दुसरी अडचण अशी की बुद्धी, स्मृती, भावना, कुटुंब, जात, रोजगार हे शब्द शास्त्राच्या जन्माआधीपासून लोकांच्या तोंडी आहेत. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा म्हणून जी ओळखली जाते ती विल्हेल्म वुण्ट यांची लाइपझिग येथील प्रयोगशाळा १८७९ साली सुरू झाली. त्यापूर्वीच्या सहस्रावधी वर्षांत माणसे याच शब्दांनी एकमेकांचे गुणदोष सांगत आली होती. म्हणून या शास्त्रांत प्रवेश करणाऱ्याला आपल्याला हे ठाऊकच आहे असे वाटते, आणि त्याच्या अभ्यासातील पहिला अडसर हाच असतो.

व्याख्येची परीक्षा कशी करावी याचा जो दंडक भारतीय तर्कपरंपरेने घालून दिला आहे, तो इतका उपयुक्त आहे की या संग्रहातील प्रत्येक नोंद लिहिताना आम्ही तोच समोर ठेवला. नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाय म्हणजे तांबूस वर्णाचा पशू असे म्हटले तर काळ्या व पांढऱ्या गाई लक्षणाबाहेर राहतात, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला पशू असे म्हटले तर म्हैस आणि शेळी आत शिरतात, ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे एकसंध खुराचा पशू असे म्हटले तर ते एकाही गाईला लागू पडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडी, म्हणजे सास्ना, हे गाईचे निर्दोष लक्षण म्हणून तर्काच्या ग्रंथांत सांगितलेले आहे, कारण ते सर्व गाईंना लागू पडते आणि अन्य पशूंना लागू पडत नाही. गाईच्या बाबतीत सास्ना आहे की नाही हे पाहायला डोळे पुरतात. परंतु बुद्धीची सास्ना कोणती, अभिवृत्तीची कोणती आणि जातीची कोणती, हे ठरवताना निरनिराळ्या विद्वानांनी निरनिराळ्या ठिकाणी बोट ठेवले आहे, आणि प्रत्येकाने जेथे बोट ठेवले तेथेच पुढच्या संशोधकांची दृष्टी खिळून राहिली आहे. पुढील काही उदाहरणे याच हेतूने सविस्तर दिली आहेत.

बुद्धी या शब्दाचा आधुनिक इतिहास फ्रान्समधील शाळांपासून सुरू होतो. ज्या मुलांना नेहमीच्या वर्गात शिकणे जड जाते त्यांना ओळखून त्यांच्यासाठी निराळ्या शिक्षणाची तजवीज करावी, या हेतूने फ्रेंच सरकारने १९०४ साली एक आयोग नेमला आणि त्या कामासाठी आल्फ्रेद बिने यांनी सहकारी थेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ साली तीस प्रश्नकृतींची एक श्रेणी तयार केली. हलणाऱ्या दिव्याकडे पाहणे, शरीराचे अवयव दाखवणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, अशा साध्या कृतींपासून ती चढत जात असे. १९०८ च्या सुधारित श्रेणीत कोणत्या वयाच्या सामान्य मुलाला कोणती कृती साधते याचे कोष्टक आले आणि त्यातून मानसिक वय ही कल्पना निघाली. बिने यांच्या दृष्टीने या श्रेणीचे प्रयोजन मुलाला मदत करणे हे होते. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कधीही न वाढणारी राशी आहे या मताचा त्यांनी उघड निषेध केला आणि मागे पडलेल्या मुलांसाठी अवधान व इच्छाशक्ती वाढवणारे व्यायामही सुचवले. पुढे १९१२ साली जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली, १९१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला, आणि मदतीसाठी घडवलेल्या साधनातून हळूहळू माणसाच्या कपाळी कायमचा चिकटणारा एक आकडा जन्माला आला.

१९२३ साली एडविन बोरिंग यांनी तर असे म्हटले की बुद्धीच्या चाचण्या जे मोजतात तिलाच तूर्त बुद्धी म्हणावे. वरवर पाहता हे चक्राकार विधान आहे. परंतु पुढील संशोधनास आरंभ करता यावा एवढ्यापुरती ही मर्यादित व्याख्या आहे, हा त्यामागील आशय होता. १९२७ साली पदार्थवैज्ञानिक पर्सी ब्रिजमन यांनी संकल्पनेचा अर्थ तिच्या मापनाच्या कृतीत शोधावा हे मत प्रसिद्ध केले, आणि मानसशास्त्रात मापनाच्या कृतीवरून व्याख्या करण्याच्या पद्धतीला मोठेच बळ मिळाले. या पद्धतीचा गुण असा की तिच्यात संदिग्धतेला वाव राहत नाही. दोष असा की चाचणीतील प्रश्न ज्या घरात, ज्या भाषेत आणि ज्या वस्तूंच्या सहवासात रचले गेले त्या घराबाहेरचे मूल अव्याप्तीच्या दोषाने बाहेर फेकले जाते. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-श्रेणीची मुंबई-कर्नाटक भागातील मराठी व कानडी मुलांसाठी जी सुधारित आवृत्ती तयार केली आणि १९४० साली आपल्या ग्रंथात मांडली, तिचे महत्त्व या संदर्भात मोठे आहे. परदेशी श्रेणी तशीच लावण्याऐवजी येथील मुलांना प्रश्न विचारून कोणती कृती कोणत्या वयात साधते हे नव्याने ठरवावे लागते, हे त्या खटाटोपाने दाखवून दिले. बुद्धी या नोंदीखाली आम्ही एकच सूत्र न देता हा सर्व क्रम दिला आहे. कारण आकड्याचा अर्थ त्या क्रमातच आहे.

अभिवृत्तीचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आणि अधिक बोधप्रद आहे. एखाद्या व्यक्तीविषयी, समूहाविषयी वा कल्पनेविषयी अनुकूल अथवा प्रतिकूल प्रतिसाद देण्याची मनाची पूर्वसिद्धता, अशी तिची सामान्य व्याख्या केली जाते. लुई थर्स्टन यांनी १९२८ साली ती मोजता येते असे प्रतिपादन केले आणि रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंतच्या पायऱ्यांची जी पद्धत दिली ती आज पुष्कळ सर्वेक्षणांत दिसते. परंतु १९३४ साली रिचर्ड लापिएर यांनी एक निबंध प्रसिद्ध करून या सर्व मापनाला खडा सवाल केला. ज्या काळी अमेरिकेत चिनी लोकांविषयी तीव्र तिटकारा होता त्या काळी त्यांनी एका चिनी दांपत्यासह देशभर प्रवास केला. अडीचशेच्या आसपास उपाहारगृहे आणि प्रवासी निवासगृहे यांत ते तिघे गेले, आणि प्रवेश नाकारला गेला तो एकाच ठिकाणी. नंतर त्याच आस्थापनांना पत्राने विचारले गेले की चिनी वंशाच्या पाहुण्यांना आपण जागा द्याल काय. ज्यांनी उत्तर पाठवले त्यांतील दहापैकी नऊंहून अधिकांनी नकार कळवला होता. पत्रात उत्तर देणारी आणि दारात उभ्या असलेल्या, नीटनेटक्या, हसतमुख प्रवाशांना आत घेणारी व्यक्ती एकच होती असे या निबंधावरून निश्चित म्हणता येत नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही कागदावरील उत्तर हे अभिवृत्तीचे लक्षण मानायचे की प्रत्यक्ष आचरण, हा प्रश्न त्या निबंधाने कायमचा उभा केला. आपल्याकडे कोणत्याही जातीधर्माचा शेजारी चालेल असे सर्वेक्षकाला सांगणारा घरमालक भाडेकरू निवडताना काय करतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य निराळे पटवून द्यावे लागणार नाही.

जात या नोंदीने आमचा सर्वाधिक वेळ घेतला, आणि तो घेणे योग्यच होते; कारण या एका विषयाच्या व्याख्येवर मराठी माणसांनी केलेले काम जागतिक दर्जाचे आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर, जे पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले, त्यांनी अमेरिकेत असताना १९०९ साली जातीच्या इतिहासावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात जातीची दोन लक्षणे सांगितली : सभासदत्व सभासदांच्या पोटी जन्मलेल्यांपुरते मर्यादित असणे, आणि समूहाबाहेर विवाह करण्यास कडक सामाजिक मनाई असणे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जो निबंध वाचला त्यात जातीचे अभ्यासक सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. सेनार यांनी ज्या विटाळाच्या कल्पनेला महत्त्व दिले ती जातीच्या संदर्भात आनुषंगिक आहे; नेसफील्ड यांनी सांगितलेला सहभोजनाचा अभाव हा परिणाम असून त्याला कारण समजले गेले आहे; आणि केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, कारण बाहेर विवाह करण्यास बंदी केली की सभासदत्व जन्मापुरते मर्यादित होणे क्रमप्राप्तच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अंतर्विवाह हेच जातीचे एकमेव मूलभूत लक्षण होय, या निष्कर्षापर्यंत ते ज्या रीतीने पोहोचले, ती लक्षणपरीक्षेचा उत्कृष्ट नमुना म्हणून तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावी अशी आहे.

सोळा वर्षांनंतर, १९३२ साली, मालवणचे सुपुत्र आणि मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे आचार्य गोविंद सदाशिव घुर्ये यांनी दुसरा मार्ग पत्करला. एका वाक्याच्या व्याख्येचा मोह टाळून त्यांनी जातिव्यवस्थेची सहा वैशिष्ट्ये वर्णन केली : समाजाचे खंडशः विभाजन, उच्चनीच श्रेणी, अन्नपाणी व सामाजिक व्यवहार यांवरील निर्बंध, नागरी व धार्मिक हक्कांतील विषमता, व्यवसायाच्या निवडीवरील बंधन आणि विवाहावरील बंधन. या दोन पद्धतींतील भेद केवळ मांडणीचा नाही. गेल्या शतकात शहरांतील उपाहारगृहांनी, कारखान्यांतील भोजनालयांनी आणि लोकलच्या डब्यांनी खाण्यापिण्याचे व बसण्याउठण्याचे निर्बंध पुष्कळ सैल केले, कायद्याने हक्कांतील विषमता मोडीत काढली आणि नव्या शिक्षणाने व्यवसायाचे दरवाजे काही अंशी उघडले. जो अभ्यासक सहा वैशिष्ट्यांची यादी हाती घेऊन निघेल त्याला त्यांतील बहुतेकांवर क्षीण अशी खूण करावी लागेल आणि जात ओसरत चालली आहे असे अनुमान काढण्याचा मोह त्याला होईल. ज्याच्या हाती आंबेडकरांचे लक्षण आहे तो मात्र थेट विवाहाकडे पाहील, कोणत्याही मराठी वृत्तपत्रातील वधूवरांच्या जाहिराती उघडेल, आणि त्याचे उत्तर निराळे येईल. व्याख्या संशोधकाला कोठे पाहावे हे सांगते, आणि म्हणूनच ती निवडणे ही जबाबदारीची गोष्ट आहे.

कुटुंब हा शब्द यापेक्षा सौम्य वाटतो, पण तोही कमी अवघड नाही. आपल्या जनगणनेत कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणारी मंडळी. त्यांच्यात रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही, आणि कामाच्या निकडीने कोणी तात्पुरता बाहेर जेवत असला तरी तो कुटुंबाबाहेर जात नाही. मोजणीच्या सोयीसाठी हे लक्षण उत्तम आहे, कारण प्रगणकाला दारात उभे राहून चुली किती हे विचारता येते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली तिच्यात एक छप्पर व एक चूल यांच्या जोडीला सामाईक मालमत्ता, सामाईक कुलधर्म आणि परस्परांशी विशिष्ट नाते या गोष्टीही येतात. आता कापडगिरण्या चालू असतानाच्या काळातील, मुंबईच्या गिरणगावातील एखाद्या कामगाराचे जीवन या दोन व्याख्यांनी तपासून पाहावे. तो रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या गावकीच्या खोलीत दहापंधरा जणांबरोबर पथारी टाकतो, पाळी संपली की खानावळवाल्या बाईकडे जेवतो, महिन्याच्या पगारातून गावी मनीऑर्डर धाडतो, शिमग्याला व गणपतीला रजा काढून घरी जातो, आणि सातबाऱ्यावर त्याचे नाव भावांच्या नावांशेजारी असते. जनगणनेच्या वेळी त्याची मोजणी मुंबईत, परक्या माणसांच्या संगतीत होते, आणि गावाकडे त्याची बायको स्त्रीप्रमुख घराच्या रकान्यात जाते. परंतु ज्या कुटुंबासाठी तो राबतो ते कुटुंब या दोन्ही रकान्यांच्या बाहेर, दोन चुलींच्या दरम्यान, पूर्ण शाबूत असते. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा येथील कुटुंबांच्या अभ्यासात एकत्रपणाची कसोटी निवासावरून काढून परस्परांच्या कर्तव्यसंबंधांवर नेली ती याच कारणाने. कुटुंब आणि निवासी घर यांच्या नोंदी आम्ही स्वतंत्र ठेवल्या आहेत, आणि या दोहोंची गल्लत केल्यानेच एकत्र कुटुंब मोडले अशी घाईची अनुमाने पुष्कळ वेळा निघाली आहेत.

अर्थशास्त्रातील नोंदींविषयी थोडक्यात सांगतो. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली दारिद्र्याचे मोजमाप दरडोई दररोज २,२५० उष्मांक पुरवू शकणाऱ्या खर्चावरून केले. त्या विवेचनाने दारिद्र्याची चर्चा हळहळीच्या पातळीवरून हिशेबाच्या पातळीवर आणली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण पोट भरले म्हणजे दारिद्र्य संपले असे त्या व्याख्येतून कोणी काढले तर तो दोष वाचणाऱ्याचा होईल. साक्षरतेचेही तसेच : १९९१ च्या जनगणनेपासून सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते ती साक्षर गणली जाते, आणि त्यापूर्वीच्या आकड्यांशी तुलना करताना वयाची ही अट पालटली आहे हे न पाहता काढलेली टक्केवारी दिशाभूल करते. अशा प्रत्येक नोंदीपुढे व्याख्या कोणत्या वर्षापासून लागू झाली हे शक्य तेथे दिले आहे.

आता ज्या उदाहरणामुळे हा संग्रह करण्याची निकड आम्हाला सर्वाधिक जाणवली त्याकडे वळतो. १८७१ या एकाच वर्षी दोन व्याख्या अस्तित्वात आल्या. इंग्लंडात एडवर्ड टायलर यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी संस्कृतीची व्याख्या केली आणि ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी व सवयी यांचा जो संमिश्र समुच्चय माणूस समाजाचा घटक या नात्याने संपादन करतो ती संस्कृती होय, असे प्रतिपादन केले. या व्याख्येचा प्राण संपादन या कल्पनेत आहे. माणसाच्या सवयी त्याच्या रक्तातून न येता संगतीतून, शिक्षणातून व परिस्थितीतून येतात, हे तिचे सार. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने सत्ताविसावा कायदा मंजूर केला आणि काही जमाती अजामीनपात्र गुन्ह्यांच्या आहारी गेलेल्या आहेत असे जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. जसा सुताराचा मुलगा सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा विचार त्यामागे होता. एकीकडे एक विद्वान माणसाच्या सवयी शिकून येतात असे लिहीत होता, आणि दुसरीकडे एक सरकार त्या जन्माबरोबर येतात असे कायद्याने ठरवीत होते.

या दुसऱ्या व्याख्येचा अंमल महाराष्ट्राने पुढे फार जवळून पाहिला. १९११ च्या कायद्याने तिची व्याप्ती देशभर वाढली. ज्या जमाती जाहीर झाल्या त्यांतील प्रौढांची नावे नोंदवहीत चढली, ठरावीक वेळी हजेरी देणे आले, गाव सोडायचे तर परवान्याची चिठ्ठी आली, आणि सोलापूर येथील तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत अनेक कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. त्या कुंपणात जन्मलेल्या अर्भकाने कोणता गुन्हा केला होता, हा प्रश्न व्याख्येत बसतच नव्हता. कारण व्याख्या व्यक्तीच्या कृत्यावर आधारलेली नसून तिच्या जन्मावर आधारलेली होती. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर ही पराकोटीची अतिव्याप्ती होती, आणि तिचे मोल निरपराध माणसांनी भरले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांच्या रूपाने त्या जुन्या संशयाची सावली मागे राहिली, आणि चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पोलीस जाण्याची सवय कायदा रद्द झाल्याने मोडली नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ या आत्मकथनांना मराठी साहित्यात मानाचे स्थान आहेच. आमच्या मते सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याने ती आणखी एका दृष्टीने वाचावीत. ज्यांची व्याख्या इतरांनी केली त्यांनी स्वतःविषयी दिलेली ती साक्ष आहे, आणि दप्तरातील नोंदीइतकेच पुराव्याचे मोल तिला आहे.

व्याख्या पालटल्याने माणसांचे जीवन पालटते याचे दुसरे उदाहरण मनोविकारशास्त्रातील आहे. समलिंगी आकर्षण हा विकार आहे असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९५२ च्या निदान-पुस्तिकेत नोंदले होते. १९७३ साली त्या संघटनेने ती नोंद काढून टाकण्याचा ठराव केला. त्या आकर्षणात त्या वर्षी काहीच बदल झाला नव्हता. संशोधनाचे पुरावे आणि ज्यांना रुग्ण म्हटले जात होते त्यांचा निषेध, या दोहोंच्या दबावाने लक्षण दुरुस्त झाले, आणि उपचारांच्या नावाखाली चालणाऱ्या पुष्कळ क्रौर्याचा शास्त्रीय आधार निघून गेला. भारतात प्रौढांच्या परस्परसंमतीने होणाऱ्या अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुसला. दुरुस्ती करता येणे हीच शास्त्राची शक्ती आहे, आणि ज्या विद्येला आपली व्याख्या मागे घेण्याची लाज वाटते तिने स्वतःला शास्त्र म्हणवू नये.

एवढ्या विवेचनानंतर नोंदींची रचना समजणे सोपे जाईल. प्रत्येक नोंदीत प्रथम सर्वसंमत असा अर्थ थोडक्यात दिला आहे. त्यानंतर तो पदार्थ प्रत्यक्षात कशावरून ओळखावयाचा याचा खुलासा. मग प्रमुख मतभेद व त्यांचा काळ. आणि शेवटी, जेथे आवश्यक वाटले तेथे, त्या व्याख्येने कोण आत येते व कोण बाहेर राहते याचा निर्देश. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७ साली व्यक्तिमत्त्वाच्या सुमारे पन्नास व्याख्यांचा परामर्श घेतला आणि क्रोबर व क्लकहोन यांनी १९५२ साली संस्कृतीच्या दीडशेहून अधिक व्याख्या गोळा केल्या, हे पाहून काही वाचक हताश होतात आणि या शास्त्रांत काहीच निश्चित नाही असे म्हणू लागतात. आमचे मत निराळे आहे. प्रत्येक गंभीर व्याख्या एका प्रश्नाचे उत्तर असते, आणि प्रश्न अनेक असल्यामुळे व्याख्याही अनेक आहेत. कोणत्या प्रश्नासाठी कोणती व्याख्या हे ज्याला सांगता येते त्याला तो विषय समजला. म्हणून मतभेदांच्या नोंदीत आम्ही मते मोजत बसलो नाही, त्या मतांमागील प्रश्न मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

केतकरांच्या ज्ञानकोशापासून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालील मराठी विश्वकोशापर्यंत, आणि भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांपासून स. मा. गर्गे यांनी संपादिलेल्या भारतीय समाजविज्ञान कोशापर्यंत, ज्यांनी या विद्या मराठीत आणण्यासाठी आयुष्ये वेचली त्यांचे ऋण या संग्रहाच्या पानोपानी आहे. त्यांनी वाट घालून दिली नसती तर प्रस्तुत काम हाती घेण्याचे धाडस झाले नसते. वाचकांना विनंती इतकीच की प्रत्येक नोंद आपल्या गावावर, आळीवर, वर्गावर व कचेरीवर लावून पाहावी, आणि ती जेथे तोकडी पडेल अथवा नको त्याला कवेत घेईल तेथे तसे पुराव्यानिशी दाखवून द्यावे. जन्माने गुन्हेगार ठरवणारी एक चुकीची व्याख्या या देशाच्या दप्तरातून काढायला एक्क्याऐंशी वर्षे लागली. पुढची चूक सुधारायला इतका काळ लागू नये, एवढ्यासाठी व्याख्यांची परीक्षा करणाऱ्या माणसांची संख्या वाढली पाहिजे, आणि ती वाढवण्याच्या कामी हा संग्रह थोडासा जरी उपयोगी पडला तरी त्यावर खर्ची पडलेले श्रम सार्थकी लागतील.